मोटेसाठी कुणी रडलं नाही

दर संक्रांतीच्या हळदीकुंकवात, दर हरिनाम सप्ताहात आणि आता रोज सकाळी मोबाईलवर एक तक्रार ऐकू येते. जातं गेलं तशी ओवी गेली, पाटा गेला तशी चव गेली. मिक्सर आला, फ्रिज आला, घरघंटी आली आणि बायकांना हलायला नको झालं. म्हणून गुडघे धरले, म्हणून साखर वाढली, म्हणून पोरींना जिमला पैसे भरावे लागतात. मंडपात हशा पिकतो. बायकाही पदर तोंडाला लावून हसतात. घरी जाऊन भाकरी थापायच्या असतात, तिथं वाद कोण घालत बसणार? तो वाद मी इथं घालते.

सुरुवात स्वयंपाकघरातून नको, विहिरीवरून करू. आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पाणी शेंदायला मोट होती. नाडा, सोंदूर, धाव, थारोळं हे शब्द आता साठीच्या पुढच्यांनाच ठाऊक. बैल धावेवर मागंपुढं करायचे आणि मोट हाकणारा गाणी म्हणायचा. मोटेवरची गाणी हा लोकगीतांचा एक वेगळा प्रकारच होता. मग ऑइल इंजिन आलं, मागून विजेचा पंप आला. मोट गेली, गाणी गेली, बैलही गेले. यावरून शेतकरी आळशी झाला असं कुठल्या कीर्तनात कुणी ऐकलंय? मोटेच्या आठवणीनं कुणी हळवं झालं असेल, पण पंपाचं बटण दाबणाऱ्याला कुणी टोमणा मारलेला नाही. त्याला आपण प्रगती म्हणालो, आणि ते बरोबरच होतं. नांगर जाऊन ट्रॅक्टर आला, खळं जाऊन मळणीयंत्र आलं. राहाता-संगमनेरच्या दूधपट्ट्यात गोठ्यात कडबाकुट्टी आणि धारा काढायचं यंत्र आलं. घरात मिक्सर यायच्या आधी गोठ्यात कडबाकुट्टी आलेली घरं या जिल्ह्यात शोधावी लागत नाहीत. प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप १९५० च्या डिसेंबरअखेर सुरू झालं. गुऱ्हाळाच्या गुळाची चव गेली म्हणून त्या चिमणीखाली कुणी डोळे पुसले नाहीत.

यंत्रानं माणूस आळशी होतो हा नियम खराच असेल तर तो बांधावरही लागू व्हायला हवा आणि ओट्यापाशीही. तो फक्त ओट्यापाशी लागू होतो. यावरूनच कळतं की हा नियम नाही, सवय आहे.

विजेचा हिशेबही एकदा मांडू, कारण ‘बिल किती येतं’ हा प्रश्न पहिल्यांदा स्वयंपाकघरालाच विचारला जातो. साडेसातशे वॅटचा मिक्सर दिवसाला दहा मिनिटं चालला तर एका युनिटचा आठवा हिस्सा खातो. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला की सुमारे तीस युनिटं जातात. पंपाच्या एका दिवसाच्या विजेत मिक्सर आठ महिने चालेल. शिवाय एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकार भरतंय, त्या योजनेचं नाव मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना. शेतकऱ्याला ही सवलत मिळू नये असं मी म्हणत नाही. पण पंपाच्या फुकट विजेवर जगणाऱ्या घरात सुनेनं दोनदा मिक्सर लावला म्हणून मीटरकडं बोट दाखवलं जातं, हे मात्र फार झालं.

आता जात्याकडं येऊ. जातं म्हणजे जणू सृष्टीबरोबर जन्मलेली वस्तू, असा तक्रार करणाऱ्यांचा समज दिसतो. याच जिल्ह्यातल्या मातीनं तो खोटा ठरवलाय. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून एका सबंध ताम्रपाषाण संस्कृतीला नाव मिळालं. नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी १९५४ ते ५६ या काळात उत्खनन केलं. या संस्कृतीच्या घरांत दाणे भरडायला फिरतं जातं नव्हतं. होता तो दगडी पाटा, त्यावर दोन्ही हातांनी वरचा दगड पुढंमागं रेटायचा. खुंट्याचं, गोल फिरणारं जातं दख्खनमध्ये दिसू लागतं ते पुष्कळ शतकांनी, सातवाहन काळाच्या सुमाराला. म्हणजे जातं हेसुद्धा एके काळी नवं यंत्रच होतं, कष्ट वाचवणारं. ते घरात आलं तेव्हाही कुणी सासू म्हणाली असेल की आमच्या वेळी असलं गरगर फिरवायचं थेर नव्हतं.

त्या सरळ पाट्यावर रेटून दळण्यानं काय होतं, याचा पुरावा सीरियातल्या अबू हुरेरा या जुन्या वस्तीत सापडलाय. तिथल्या सांगाड्यांचा अभ्यास थेया मोलेसन या संशोधक बाईंनी केला. बायकांच्या पायाचे अंगठे, गुडघे आणि कंबरेचे मणके झिजलेले, वाकलेले निघाले. कारण एकच, तासन्‌तास गुडघ्यांवर बसून दळणं. गुडघे मिक्सरनं धरले म्हणणाऱ्यांनी हा पुरावा एकदा समोर ठेवावा.

‘आजीच्या काळी आजार नव्हते’ हे वाक्यही असंच. १९४१ ते ५१ या दशकात भारतीय माणसाचं सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. त्यात तान्ही मुलं फार दगावायची म्हणून आकडा इतका खाली, हे खरं. पण बाळंतपणात गेलेल्या बायकाही त्यातच आहेत. जी आजी नव्वदीपर्यंत टुणटुणीत राहिली ती आपल्याला दिसते, कारण ती राहिली. तिच्या बरोबरीच्या ज्या गेल्या त्यांचे फोटोसुद्धा नाहीत. चुलीच्या धुराचं तर बोलायलाच नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं घरातल्या धुरामुळं जगात २०२० साली सुमारे बत्तीस लाख माणसं मेली. चुलीवरच्या जेवणाचे फलक नगर-पुणे रस्त्यावर ढाब्याढाब्यावर लागलेत. ते जेवण गाडीतून उतरून अर्धा तास खाणाऱ्याला गोड लागतं. फुंकणी घेऊन बसलेलीला विचारा.

आणि ओवी? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून काम करत, गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या चाळून पाहाव्यात. माहेर, भाऊ, विठ्ठल, सीता, सासुरवास, दमणूक, सगळं त्यात आहे. जात्याचं कौतुक आहे तसा त्याच्या जडपणाचा वैतागही आहे. दळणारणीनं गाणं रचलं, कारण पहाटे तीनला उठून एकटीनं तो दगड ओढायचा होता. गाणं तिचं होतं, दगड तिच्यावर लादलेला होता. दोन्हींची गाठ मारून तो दगड तिच्याकडून पुन्हा ओढून घ्यावा, असं सुचवणाऱ्यांना ओवीचं प्रेम नाही. शिवाय ओवीला जगायला जातं लागतंच असंही नाही. याच नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरांनी एका खांबापाशी बसून ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्या सांगितल्या. त्या खांबापाशी तेव्हा कुणी दळत बसलं नव्हतं.

चवीचा मुद्दा मात्र मी मान्य करते, निम्मा. मिक्सरचं पातं मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतं आणि कापतं. दगड चिरडतो. हिरव्या मिरचीचा ठेचा पातं कापायला लागलं की त्याची चटणी होते, ठेचा होत नाही. शेंगदाण्याचा कूट सलग फिरवला तर तेल सुटून लगदा होतो. बटण उलटं फिरवून दोन-दोन सेकंदांचे झटके द्यावे लागतात, मग कूट रवाळ राहतो. आमच्याकडची आमटी, वांग्याचं भरीत, शेंगोळ्याचा रस्सा, सगळं या कुटावर उभं. तेव्हा ठेच्यासाठी खलबत्ता जरूर ठेवा. पण ज्यांना पाट्यावरचीच चव हवी त्यांनी पाट्यावर बसावं. वरवंटा उचलायला बायकांचेच हात लागतात असं त्या दगडावर कुठं कोरलेलं नाही.

उलट एका बाबतीत नवं यंत्र जुन्या चवीच्या बाजूचं आहे. पारनेर, पाथर्डी, नगर तालुक्यात बाजरी खाल्ली जाते. बाजरीत ज्वारी-गव्हाहून तेल जास्त, त्यामुळं तिचं पीठ काही दिवसांत कडवट होतं. गिरणीतून एकदम दहा किलो दळून आणलं की आठवड्याच्या शेवटची भाकरी घशाखाली उतरत नाही. घरघंटीत रोज दोन किलो दळता येतं. एक अश्वशक्तीची मोटर, दाणे कोरडे हवेत, पीठ किती बारीक हवं त्याप्रमाणे जाळी बदलायची, संपलं. बाजरी खाणाऱ्या घराला घरघंटी चैन नाही. जिल्हा परिषदांचे महिला व बालकल्याण विभाग पिठाच्या गिरण्या अनुदानावर देतात, ते उगाच नाही.

इथवर वाचून यंत्रं विकणारा खूश झाला असेल. त्यानं जरा थांबावं, त्याचाही हिशेब आहे. ‘हे घ्या, वहिनी सुटल्या’ असं नगरच्या सावेडीतल्या शोरूममध्ये तो सांगतो. वहिनी सुटल्या का? सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार २०१९ साली पंधरा ते एकोणसाठ वयाच्या घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसातला ३१५ मिनिटांचा वेळ बिनपगारी घरकामात जात होता. २०२४ च्या पाहणीत तो ३०५ मिनिटं निघाला. मधल्या पाच वर्षांत घराघरांत किती खोकी उघडली गेली असतील, आणि वाचली दहा मिनिटं. त्याच वयाच्या, घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाचा आकडा २०२४ मध्ये ८६ मिनिटं आहे. ‘बायकांना आता कामच उरलं नाही’ म्हणणाऱ्यांनी ही पाच तासांची बेरीज कुठं लपवली?

अमेरिकेतल्या रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली ‘मोर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात हे कोडं उलगडलं होतं. घरातली यंत्रं आली तशी आधी नवऱ्याची आणि मुलांची कामं गेली. लाकूड फोडणं गेलं, दळून आणणं गेलं. आईचं काम मात्र नव्या रूपात तिच्याकडंच राहिलं. नगरमध्ये याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. दळणाचा डबा गिरणीत नेणं हे स्वयंपाकातलं पुरुषाच्या वाट्याचं जवळपास एकमेव काम. सायकलच्या कॅरिअरला, मग गाडीच्या टाकीवर डबा ठेवून तो जायचा, गप्पा मारून यायचा. घरघंटी आल्यावर तो डबा सुटला. दळण घरात आलं आणि दळणारी कोण, तर घरात आहे तीच. पिठाची धूळ पुसायची तीही तिनंच. पूर्वी एक भाजी आणि भाकरी असायची. आता मिक्सर आहे म्हणून इडलीचं पीठ, फ्रिज आहे म्हणून तीन दिवसांची तयारी, ओव्हन आहे म्हणून नातवाला केक. प्रत्येक यंत्राबरोबर फर्माईश आली. मिक्सरचं भांडं एकदा उघडून धुवून बघावं, पात्याखालची चटणी बोटानं काढून. यंत्र वाटायचं काम करतं, धुवायचं करत नाही.

तरीही यंत्र दोषी नाही. दोष खरेदीच्या रीतीत आहे.

आपल्याकडं ही यंत्रं बहुतेक लग्नात येतात. मुलीचा बाप फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन देतो, रुखवताशेजारी ती मांडली जातात, पाहुणे कंपनीची नावं वाचतात. कोणतं घ्यायचं हे मामा आणि व्याही ठरवतात. जी चालवणार ती त्या दिवशी हळदीत असते. मग काही यंत्रं ‘चांगली आहेत, खराब होतील’ म्हणून खोक्यासकट माळ्यावर जातात आणि हमीची मुदत माळ्यावरच संपते. याच्या उलट गोष्ट सुमीत मिक्सरची. माधुरी माथूर यांचा परदेशी मिक्सर आपल्याकडचं वाटण वाटताना जळाला. नवरा सत्यप्रकाश सिमेन्समध्ये इंजिनीअर. वापरणारीची तक्रार ऐकून त्यानं हळकुंड आणि डाळ झेपेल अशी मोटर बसवली, आणि १९६३ मध्ये भारतीय मिक्सर जन्मला. जिला वाटायचं होतं तिनं सांगितलं आणि करणाऱ्यानं ऐकलं, म्हणून ते यंत्र टिकलं.

न विचारता आणलेलं यंत्र कसं फसतं ते पाहायचं तर विजेवरचा रोटी मेकर पाहा. तो गव्हाच्या गोळ्यासाठी केलेला. बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. दाबलं की कड फाटते आणि पापडासारखी कोरडी चकती हातात येते. भाकरी गरम पाण्यात मळून, हातावर किंवा परातीत थापूनच होते. इंडक्शनचंही तसंच. त्याला चुंबक चिकटेल असं सपाट बूड लागतं. अॅल्युमिनिअमचं पातेलं चालत नाही, भाकरीचा खोलगट तवा धड टेकत नाही, आणि भाकरी जाळावर धरून फुगवायची तर जाळच नाही. चहा, भात, दूध यांना इंडक्शन उत्तम. भाकरीच्या घराला तो दुसरी शेगडी म्हणून ठीक, एकमेव म्हणून नाही. हे कुठल्याही भाकरी करणारीनं दोन मिनिटांत सांगितलं असतं. तिला विचारलं नाही.

दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही तो भिंतीतल्या तारेचा. लार्सन अँड टुब्रोनं नगरच्या एमआयडीसीत स्विचगिअरचा कारखाना काढला, देशभर सुरक्षेची बटणं पुरवली. त्याच जिल्ह्यात स्वयंपाकघरात आजही एकच प्लग, त्यावर मल्टिप्लग, त्यावर फ्रिज, मिक्सर आणि दोन हजार वॅटचा इंडक्शन. फ्यूज उडाला की जाडी तार गुंडाळायची. वस्तीवर सिंगल फेजचा दाब संध्याकाळी खाली येतो, डीपी जळाली तर नवी येईपर्यंत आठवडा जातो. अशा घरानं फ्रिज घेताना दाराचा रंग पाहू नये. किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते पाहावं, स्टॅबिलायझर लागेल का विचारावं, आणि आधी वायरमन बोलावून अर्थिंग नीट करून घ्यावं. अर्थिंगचा खर्च रुखवतात दिसत नाही, म्हणून तो कुणी करत नाही. शॉक बसतो तो ओल्या हातांना, आणि ओले हात कुणाचे असतात?

दुरुस्तीबद्दलही थोडं. पूर्वी जात्याला टाकी लावायला टकारीण दारात यायची, तासाभरात जातं पुन्हा नवं. आज मिक्सरचा कपलर झिजला, कार्बन संपले तर तालुक्याच्या गावी माणूस मिळतो. पण एखादं नवं झगमगीत यंत्र बंद पडलं तर नगरपर्यंत, कधी पुण्यापर्यंत न्यावं लागतं. तिथून ‘बोर्ड गेलाय, नवीनच घ्या’ हे उत्तर मिळतं. आणि चालू यंत्रही सगळ्यांना वापरता येतंच असं नाही. पाथर्डी-जामखेडकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कोपीत तीन दगडांची चूल असते आणि बाई पहाटे अंधारात भाकरी करून फडात उतरते. तिच्या घरचा मिक्सर सहा महिने कुलपात असतो. यंत्रानं आळशी झालेल्या बायकांच्या व्याख्यानात ही बाई कुठं बसते ते व्याख्यात्यानं सांगावं.

यंत्र कुठं चटकन येतं तेही पाहा. शिर्डीला साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयासाठी २००९ मध्ये ७३ सौर तबकड्या बसवल्या. उन्हानं पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर हजारोंचा प्रसाद शिजतो. सूर्यावर शिजवल्यानं प्रसादाची पुण्याई कमी झाली असं कुणी म्हणालं नाही. तिथं सिलिंडरचा खर्च संस्थेच्या वहीत दिसत होता, म्हणून यंत्र आलं. घरातल्या चुलीपुढचा खर्च बाईच्या छातीत जमा होतो, तो कुणाच्याच वहीत दिसत नाही. उज्ज्वला योजना यायला २०१६ उजाडावं लागलं. त्यानंतरही अनेक घरांत सिलिंडर पाहुण्यांसाठी आणि चूल रोजची, कारण पुन्हा भरायचे पैसे कोण देणार हे ठरलेलं नसतं.

तेव्हा येत्या दसऱ्या-दिवाळीला दुकानात जाणार असाल तर एवढं करा. ते यंत्र जी रोज चालवणार आहे तिला काउंटरपाशी पुढं उभं करा, पैसे देणाऱ्यानं मागं राहावं. ती म्हणाली नको, तर घेऊ नका, व्याह्यांना काय वाटेल ते वाटू द्या. ती म्हणाली हवं, तर ‘बिल किती येईल’ हे तिला विचारू नका, पंपाचं कधी विचारलं होतं का? आणि भांडं, पातं, जाळी धुवायची पाळी कोणत्या वारी कुणाची, हे दुकानदारानं पावती फाडायच्या आधी ठरवा.